म्हातारीचा माळा

कारोलिनाच्या वाढदिवसाला तिच्या दारात बुटांचा ढीग पडतो हे पामिउत या बंदराच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. यंदाही पडला होता. येणारा बूट काढायचा, आत येऊन म्हातारीचा हात हातात घ्यायचा, टेबलाशी बसून कॉफी प्यायचा, केक आणि सुक्या माशाचा तुकडा संपवायचा, आणि मागचा दारात ताटकळतोय असं दिसलं की उठायचा. असल्या दिवशी म्हातारीच्या मुलीला, अमालीला, मान वर करायची सवड नसे. किटली भरायची, कप विसळायचे, परत किटली. आज मात्र ती प्रत्येकाचं तोंड बघत होती. कोण जास्त वेळ बसतो, कोण कुणाच्या कानाशी लागतो, कोण तिच्या लेकीची नजर चुकवतो.

लेक, याकोबिना, खिडकीशी आजीला चिकटून बसली होती.

"अहो, घ्या ना थोडं," कारोलिना तिला म्हणत होती. "बोटीवर काही खाल्लं नसेल तुम्ही. मला माहीत आहे ना तुमचं."

"खाते गं, म्हातारे."

या घरात तीस वर्षं हे असंच चाललं होतं. थोरला याकोब, कारोलिनाचा नवरा, ज्या हिवाळ्यात बुडाला त्याच हिवाळ्यात अमालीला मुलगी झाली. नाव त्याचंच दिलं, आणि इथल्या रीतीने नाव दिलं म्हणजे माणूसच परत आला. कारोलिना पाळण्यातल्या पोरीला अहो-जाहो करू लागली. अमाली आणि तिचा धाकटा भाऊ हेन्ड्रिक तिला 'बाबा' म्हणू लागले. बापाला कोण रागावणार? त्यामुळे याकोबिनाला कधी कुणी चापट मारली नाही, आणि तरीही पोर बिघडली नाही, याचं अमालीला अजून नवल वाटे.

काल बोटीतून उतरल्यावर हे बाबा, म्हणजे याकोबिना, आधी घरात आलेच नव्हते. अमालीचा दंड धरून तिला मासे सुकवायच्या मांडवाकडे घेऊन गेले होते.

"आई, आपल्या घरातून गोष्ट बाहेर गेली आहे."

"कुठली गोष्ट?"

"माळ्याची."

याकोबिना शिष्टमंडळाची दुभाषी. युरोपच्या संघातून बाहेर पडायचं हे देशाने मतदान करून ठरवलं त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. पडायचं कसं, यावर ब्रुसेल्सला बैठकांवर बैठका चालल्या होत्या. उघडपणे बोलायचं ते एवढंच: आपण निघालो की आपल्या समुद्रात परकं जहाज नको, एकही नको. मनातलं ठरलेलं वेगळं होतं. आपला मासा त्यांच्या बाजारात जकातीवाचून जाणार असेल, तर किनाऱ्यापासून लांबचा कॉड मासा त्यांना पकडू द्यायचा. याच्या खाली उतरायचं नाही, पण इथवर उतरता येईल, हे शिष्टमंडळाबाहेर कुणाला कळता कामा नये.

"आणि गेल्या आठवड्यात," याकोबिना म्हणाली, "कॉफीच्या वेळी त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, लांबचा कॉड तर तुम्ही द्यायला बसलाच आहात. तो 'म्हातारीचा माळा'सुद्धा."

 म्हातारीचा माळा ही लांब समुद्रातली एक उथळ जागा. थोरल्या याकोबला सापडली तेव्हा त्याने बायकोच्या कौतुकाने ते नाव ठेवलं, कारण जाळं टाकावं आणि कारोलिनाच्या माळ्यावरून निघावं तसं भरभरून निघावं. नकाशात त्या जागेला नावच नाही. ते नाव फक्त या घराच्या तोंडात.

"मी भाषांतर करताना अडखळले. पहिल्यांदा. आमच्या प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, घरी जाऊन ये, आणि कुणी सांगितलं ते मला येऊन सांग. नाही सांगितलं तर पुढच्या बैठकीला दुसरं माणूस बघतील. मी गेले तरी एक वेळ चालेल गं. पण ते लोक आता नुसते हाताची घडी घालून बसतील. आपण कुठे थांबणार हे त्यांना कळलंय."

"तू इथे कुणाकुणापुढे बोलली होतीस?"

"उन्हाळ्यात. स्वयंपाकघरात. म्हातारी होती. पप्पा होते. मामाची ये-जा चालू होती. आणि तू भांडी घासत होतीस."

शेवटचं वाक्य तिने साधेपणाने म्हटलं होतं. अमालीला ते रात्रभर टोचत राहिलं.

आता दुपार झाली होती. हेन्ड्रिक रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात आला आणि त्याने पाठीने दार लोटलं. त्याच्याकडे स्वतःची मासेमारीची बोट होती, आणि संघाबद्दल बोलताना त्याचा आवाज नेहमी वारा सुटल्यासारखा चढत असे. आज मात्र तो हळू बोलत होता; गोष्ट फुटल्याचं त्याला सकाळीच कळलं होतं.

"ताई, दाजी दर रविवारी फोनवर काय बोलतात?"

"भावाशी बोलतो तो. तुला माहीत आहे."

"भाऊ कुठे असतो?"

"एस्बियर्गला."

"करतो काय?"

अमाली कप विसळू लागली. टॉर्बेनचा, तिच्या डॅनिश नवऱ्याचा, भाऊ तिथे ट्रॉलरवर, मासेमारीच्या मोठ्या जहाजावर होता. हे हेन्ड्रिकला आजच कळलं होतं असं नाही. तीस वर्षं माहीत होतं, आणि तीस वर्षं त्याने त्याच भावाने पाठवलेलं जाळं वापरलं होतं.

"मी काही म्हणत नाही," हेन्ड्रिक म्हणाला. "नुसतं विचारतोय."

"तू नुसतं कधीच विचारत नाहीस."

"डॅनिश माणूस शेवटी डॅनिशच असतो, ताई. यांनीच आपल्याला शेपटाला बांधून त्या संघात नेलं ना? आपण नको म्हटलं होतं तेव्हा."

मागचं दार उघडलं. टॉर्बेन कोळशाची बादली घेऊन उभा होता. उंच, वाकलेला, एका गुडघ्यावर भार न देणारा. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्याने बादली ठेवली, हात पुसले.

"भावाला मी माझ्या गुडघ्याबद्दल सांगतो," तो म्हणाला. "तो मला त्याच्या दातांबद्दल सांगतो. आणखी काही हवंय का हेन्ड्रिक?"

"माळ्याबद्दल काही बोलला होतात?"

"हे घर मी बांधलं," टॉर्बेन म्हणाला. "ज्या भिंतीला तू टेकला आहेस ना, ती."

"ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही झालं."

टॉर्बेनने बायकोकडे बघितलं. तिने फक्त "काहीतरीच काय" एवढं म्हणायचं होतं. पण त्याच क्षणी अमालीला आठवलं, की गेल्या रविवारी ती खोलीत आली तसा त्याने फोनवर आवाज खाली घेतला होता. ती किटलीकडे वळली. किटली भरलेलीच होती.

टॉर्बेनने भरलेली बादली तशीच उचलली. तो पुन्हा बाहेर गेला. कोळसा आत आणायचा राहिला तो राहिलाच.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत गलका झाला. धाकटा याकोब आला होता.

थोरल्याच्या मृत्यूनंतर गावात जन्मलेलं दुसरं बाळ ते हे. समोरच्या हिरव्या घरातलं. त्यालाही थोरल्याचंच नाव मिळालं, म्हणजे रीतीप्रमाणे थोरला त्याच्यातही परत आला. आता तो तीस वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, सगळ्यांशी गोड बोलणारा गडी होता, आणि बंदराला लागणाऱ्या परक्या ट्रॉलरांना पाणी, बटाटे आणि डिझेल पुरवायचा. हेन्ड्रिकला तो डोळ्यांसमोर नको असे. कारोलिनाला मात्र त्याच्यावाचून वाढदिवस वाढदिवस वाटत नसे.

"अहो, या! इकडे बसा." म्हातारीने त्याला आपल्या दुसऱ्या बाजूला बसवलं आणि दोघांचे हात आपल्या मांडीवर ओढून घेतले, एक नातीचा, एक त्याचा. "बघा, आता कसं पूर्ण वाटतंय. दोन्हीकडे नवरा. आहे कुणाची एवढी चैन?"

पाहुणे हसले. याकोबिनाही हसली. धाकट्याने केकचा मोठा घास घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच आपल्याच नावाच्या याकोबिनाला विचारलं:

"काय गं नावभाऊ, माळ्याचं काय ठरलं शेवटी?"

अमालीने किटली मधेच खाली ठेवली.

"कुठला माळा?" याकोबिनाने विचारलं. तिचा आवाज बैठकीतल्यासारखा सपाट झाला होता.

"म्हातारीचा! ही उन्हाळ्यात माझ्याकडे आली होती ना रागारागाने. 'अहो, तुम्ही माझा माळा देऊन टाकणार म्हणे? लांबचा कॉड जाणार तो गेला, पण माळा कशाला?' मला काहीच ठाऊक नव्हतं. पण नवरा म्हणून बोलणी खाल्ली." तो हसला. "मग मी बटाटे घ्यायला आलेल्या कप्तानाला म्हटलं, बाबा रे, लांबचा कॉड तुम्हाला मिळणार आहे, तेवढा आमच्या म्हातारीचा माळा सोडा. तो म्हणाला, वर कळवतो. कळवलं का त्याने?"

"कळवलं," याकोबिना म्हणाली.

"बघ! भला माणूस आहे." दारात दोघं ताटकळत होती म्हणून तो उठला, म्हातारीच्या गालाला गाल लावला, आणि बुटांच्या ढिगातून आपले शोधून निघून गेला.

अमाली त्याच्या पाठीकडे बघत राहिली. माणूस खरंच एवढा भोळा असतो? की एवढ्या भोळेपणाने सगळं आधीच सांगून टाकलं की पुढे कुणी विचारत नाही, हे त्याला ठाऊक होतं? दोन्ही पटत होतं.

पाहुणे पांगल्यावर घरातली माणसं टेबलाभोवती बसली. टॉर्बेनही आला, पण अमालीच्या शेजारची खुर्ची सोडून कोपऱ्यातल्या पेटीवर बसला.

"आई," हेन्ड्रिक म्हणाला, "तू ते बाहेर का सांगितलंस?"

"बाहेर कुणाला? मी एका माणसाला सांगितलं नाही." कारोलिनाला खरंच नवल वाटलं होतं. "ह्यांनी मला सांगितलं. मी ह्यांनाच विचारायला गेले."

"अगं, आमचा बाप वेगळा! धाकटा वेगळा! ही वेगळी!"

"वेगळा कसा? पन्नास वर्षांत मला तुझ्या बापाबद्दल तू शिकवणार का?"

 तिच्या दृष्टीने गोष्ट नवरा-बायकोच्या बाहेर गेलीच नव्हती, आणि या टेबलावर बसलेल्या एकालाही ती चुकली असं छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. हेन्ड्रिक स्वतः सकाळी धाकट्याला टाळून गेला होता, तरी वाटेत बाप म्हणून त्याच्यासमोर टोपी काढल्यावाचून राहिला नव्हता.

म्हातारी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेली तसा हेन्ड्रिक पुढे झुकला. "ठीक आहे. झालं ते झालं. वाट तर सापडली ना? जी गोष्ट या वाटेने गेली, त्याच वाटेने दुसरी जाऊ दे. आईला सांगा की शिष्टमंडळाचं मन बदललं. लांबचा कॉडही द्यायचा नाही. जकात लागली तर लागू दे. आई जाईल धाकट्याकडे, धाकटा कप्तानाकडे. ते लोक घाबरतील."

"आणि घाबरले नाहीत तर?" कोपऱ्यातून टॉर्बेन म्हणाला. "उद्या खोटं उघडं पडलं तर खरंही कुणी ऐकणार नाही. निघून गेल्यावरसुद्धा मासा विकायला त्याच दारात जायचंय, हेन्ड्रिक."

"दाजींना ते दार फार प्रिय."

"मामा!" याकोबिना म्हणाली. "पप्पांवर तुम्ही दुपारी काय आळ घेतला होता ते मला कळलंय. आधी माफी मागा, मग बोला."

हेन्ड्रिकचा चेहरा लाल झाला. "याकोबिना, तू लहान आहेस. तुला यातलं कळत नाही."

 तीस वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. त्याचं त्यालाच ते ऐकून कसंसं झालं असावं. त्याने टोपी हातात घेऊन पिळायला सुरुवात केली.

"चुकलो, बाबा," तो पुटपुटला. मग, कोपऱ्याकडे न बघता: "दाजी, चुकलो."

"बरं," टॉर्बेन म्हणाला. त्याचे डोळे मात्र अमालीवर होते.

आजी परत येऊन बसली तशी याकोबिना उठून तिच्यापुढे जमिनीवर बसली. अमालीला कळलं की पोरीने ठरवलंय. नोकरी जाईल म्हणून नव्हे; आपल्या एका वाक्याने जे बिघडलं ते आपल्याच तोंडाने सावरावं म्हणून. पण तिचे खांदे ताठले होते.

"म्हातारे, ऐक. तुला एक नवीन सांगायचंय. आमच्या लोकांनी आता ठरवलंय, की लांबचा कॉडसुद्धा..."

"थांबा." कारोलिनाने तिचा हात धरला. तो हात कानाच्या पाळीवर होता. "खोटं बोलायला लागलात की तुम्ही कान चोळता. दारू प्यायला नव्हतो म्हणायचात तेव्हाही चोळायचात."

याकोबिनाने हात काढून घेतला आणि मान खाली घातली.

"सरळ सांगा. समोरच्या घरी काय पोचवायचंय?"

शेवटी अमालीनेच सांगितलं, सगळं, ब्रुसेल्सपासून बटाट्यांपर्यंत. म्हातारी ऐकत राहिली.

"म्हणजे एका नवऱ्याने दुसऱ्याला फसवायचं," ती म्हणाली, "आणि मधे उभी कोण, तर मी."



"तुम्हाला आठवतं?" ती नातीला म्हणाली. "भावापासून बोट वेगळी केलीत तेव्हा? आठवडाभर तुम्ही तोंड उघडलं नव्हतं. काय हवं ते म्हणाला नाहीत, काय नको तेही नाही. तो येऊन बडबडायचा, शिव्या द्यायचा, मग आपणच आपल्याशी भाव पाडायचा. शेवटी इंजिन तुमच्याकडे ठेवून गेला. आणि पुढच्या वर्षी दोघं एकाच बर्फावर सीलच्या शिकारीला गेलात."

याकोबिनाला ते आठवणं शक्य नव्हतं. तरी ती म्हणाली, "हो, म्हातारे."

कारोलिना उठली. खुंटीवरचा कोट घेतला, बुटांत पाय घातले.

"आई, कुठे?" हेन्ड्रिक उभा राहिला. "काय सांगणार आहेस त्याला?"

दार लागलंसुद्धा होतं.

सगळे खिडकीशी जमले. लाकडी पायऱ्यांवर पहिलं बर्फ भुरभुरलं होतं. एका हाताने कठडा धरत म्हातारी हिरव्या घरापर्यंत गेली, आणि समोरच्या पिवळ्या उजेडात त्यांना ती दिसली: धाकटा तिला बसवतोय, कप पुढे करतोय, ती बोलतेय की नुसती पितेय हे इथून कळत नव्हतं.

"खरं सांगून टाकेल सगळं," हेन्ड्रिक म्हणाला. "आपण तिला खोटं सांगायला सांगितलं, हेसुद्धा."

"किंवा खोटं सांगेल आणि वरून शपथ घेईल," याकोबिना म्हणाली.

अमाली तिथून सरली. कोपऱ्यातल्या पेटीवर नवऱ्याच्या शेजारी जेमतेम जागा होती, तिथे बसली.

"मी दुपारी किटलीकडे वळायला नको होतं," ती हळूच म्हणाली.

"हं."

"गेल्या रविवारी तू आवाज का खाली घेतलास? फोनवर?"

टॉर्बेनने सुस्कारा सोडला. "गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची म्हणतोय डॉक्टर. तिकडे जाऊन. तुला सांगायचा धीर होत नव्हता. म्हणशील, गेला तो गेलाच."

तिने त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्याचाही हात तिच्या हातावर आला, पण लगेच नाही.

म्हातारी परत आली तेव्हा तिच्या खांद्यांवर बर्फ होतं. तिने कोट खुंटीला लावला, बूट ओळीत ठेवले, आपल्या जागेवर येऊन बसली आणि केकचा उरलेला तुकडा पुढे ओढला.

"काय बोललीस?" हेन्ड्रिकने विचारलं.

"त्यांनी विचारलं, माळ्याचं काय झालं."

"मग?"

"मी म्हटलं, कॉफी गार आहे."

"आई! नीट सांग. खरं सांगितलंस की आम्ही म्हटलं ते?"

"आईबापाच्या मधलं बोलणं पोरांनी विचारायचं नसतं."

याकोबिना पुन्हा तिच्यापुढे बसली. "म्हातारे, मला तरी सांग. उद्या बोट आहे. मला तिथे काहीतरी सांगायला हवं."

कारोलिनाने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. नातीकडे बघतात तसं नव्हे. समुद्रावर जाणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

"तुम्हाला तर नाहीच," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यांना सांगितल्यासारखंच झालं. आता दोघांनाही नाही."

"मग प्रमुखांना काय सांगू?"

"सांगा, म्हातारीच्या तोंडून गेलं. आणि सांगा, म्हातारीने तोंड मिटलंय. आता तुम्हीही मिटा, जाऊन नुसते बसा. बडबडू दे त्यांना."

"सांगते," याकोबिना म्हणाली. तिचा हात कानाकडे गेला नाही. अमालीने मुद्दाम बघितलं.

कप गोळा करताना तिने एकदा बाहेर नजर टाकली. हिरव्या घराच्या खिडकीत धाकटा याकोब अजून उभा होता, हातात कप, नजर इकडे. दोन्ही घरांत दिवे होते आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचं सगळं दिसत होतं. त्याला काय कळलं होतं, काय नाही, हे त्या गोल चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं. अमालीने हात वर करून हलवला. त्यानेही हलवला. मग तिने पडदा ओढून घेतला, आणि ओढता ओढता तिच्या लक्षात आलं की समोरचा पडदाही त्याच वेळी ओढला जात होता.